मोडकं विमान परत आणलं तरच शूर, आणि इजेक्ट करणारे पळपुटे?

दाबोळीकर

आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फोटो फिरत आला. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बी-१७ बॉम्बर, शेपटीच्या पुढे जवळजवळ आरपार कापलेलं, मागचा भाग कशावर लोंबकळतोय तेच कळत नाही आणि तरी ते हवेत उडतंय. खाली कोणीतरी लिहिलेलं की खरा पायलट विमान सोडून पळत नाही. तिथपर्यंत मी गप्प होतो. पण त्याच्याखाली लगेच एकाने २०१९ चं वेर्ण्याचं मिग काढलं, म्हणे आपल्यांनी मात्र उडी मारली. ते वाचून डोकं फिरलं म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नोव्हेंबर २०१९ ला गोव्यातल्या नेव्हीच्या हंसा तळावरून ट्रेनिंगसाठी उडालेल्या मिग-२९के ला पक्ष्यांचा थवा धडकला, डावं इंजिन बंद पडलं, उजव्याला आग लागली. दोघा पायलटनी विमान वस्तीपासून लांब नेलं आणि मग इजेक्ट केलं, म्हणजे सीटसकट बाहेर फेकले जाऊन पॅराशूटने उतरले. वेर्ण्याच्या पठारावर मोकळ्या जागेत पडलं ते. खाली कोणाला काही झालं नाही आणि वर होते ते दोघेही जिवंत. ज्यांना वेर्ण्याच्या आजूबाजूला किती घरं, कारखाने आहेत ते ठाऊक आहे त्यांनी तरी असं बोलू नये.

माझं मत असं की मोडलेलं विमान घरी आणणं ही ग्रेट गोष्ट आहे पण ती पायलटच्या चारित्र्याची परीक्षा नव्हे. सोडण्यासारखं असेल तर सोडायचं. मशीन परत बनतं, माणूस तयार व्हायला वर्षं जातात. जपान्यांचं काय झालं बघा, झीरो फायटर हलकं आणि चपळ ठेवायचं म्हणून पायलटच्या मागे चिलखत नाही, गोळी लागली तर आपोआप बंद होणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या नाहीत. १९४२ ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर रबाउलच्या जपानी तळाहून हजार किलोमीटर जायचं नि तेवढंच परत यायचं. विमानं तर गेलीच, पण अनुभवी पायलट गेले ते पुन्हा मिळालेच नाहीत.

फोंडेकर_संजू

दादा, मिगवाल्यांबद्दल तू बोललास ते शंभर टक्के बरोबर, त्यांना नावं ठेवणारा माणूस मला भेटला तर मीच ऐकवीन. पण त्याच्यासाठी दुसऱ्यांचं कर्तृत्व 'चारित्र्याची परीक्षा नव्हे' म्हणून खाली का आणायचं ते मला पटलेलं नाही.

तूच रबाउल काढलंस म्हणून जपानी पायलट साबुरो साकाईचं सांगतो. ७ ऑगस्ट १९४२, ग्वाडलकॅनालवर डोक्यात गोळी लागली, एक डोळा गेला, शरीराची डावी बाजू लुळी पडली, काच फुटलेली, वारा थेट तोंडावर. त्या अवस्थेत पावणेपाच तास उडवत त्याने ते झीरो रबाउलला आणून उतरवलं. झोप येऊ लागली की स्वतःच्या गालावर मारून घ्यायचा. त्याच्या शत्रूंनीसुद्धा याला मान दिला. आता हे चारित्र्य नाही तर काय आहे सांग.

आपलंच घ्यायचं तर कारगिल. २१ मे १९९९, स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांचं कॅनबेरा विमान फोटो काढायला गेलेलं, खांद्यावरून सोडायचं मिसाईल येऊन उजव्या इंजिनाला लागलं. खाली ते डोंगर. एका इंजिनावर श्रीनगरला आणलं. विमान जुनं, त्यावेळीच रिटायर व्हायला आलेलं. सोडलं असतं तरी कोण बोललं नसतं.

दाबोळीकर

संजू, तू माझाच मुद्दा मांडतोयस. पेरुमलनी खाली काय आहे ते बघितलं. १८ हजार फुटांचे डोंगर, पलीकडे शत्रू, तिथे पॅराशूटने उतरून काय करणार होते? एक इंजिन चालू होतं, विमान ऐकत होतं, मग परत आणणं हाच शहाणपणा. आठवड्याभरात २७ मे ला नचिकेतांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं, त्यांनी इजेक्ट केलं आणि पाकिस्तानच्या कैदेत गेले. ते काय कमी शूर होते का? दोघांनी आपापल्या परिस्थितीत जे करायला हवं ते केलं. मी एवढंच म्हणतोय की एकाला हार आणि दुसऱ्याला टोमणा हे बंद करा.

साकाईबद्दल बोलायचं तर त्यानेच सांगितलंय की सुरुवातीला त्याला परत यायचंच नव्हतं, शत्रूचं जहाज दिसलं तर त्यावर आदळायचं म्हणून तो शोधत होता, दिसलं नाही म्हणून वळला. आणि तो परत आल्यामुळे जपानला मिळालं काय तर साकाई मिळाला. पुढे त्याने नवीन पोरांना शिकवलं. ते फुटलेलं झीरो मिळालं म्हणून कोणाला आनंद झाला नव्हता.

बायणेचे_काका

मी नेव्हीत विमानांच्या मेंटेनन्सला होतो, ७१ नंतर लागलो, त्यामुळे युद्धात मी नव्हतो हे आधीच सांगतो. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आपल्या विमानवाहू जहाजावर, विक्रांतवर होते. दाबोळीकर, तुमचं ते 'मशीन परत बनतं' हे वाक्य मला मान्य नाही, आणि का नाही ते जरा लांबण लावून सांगतो, वाचा.

७१ ला विक्रांतवर सी हॉक ही ब्रिटिश लढाऊ विमानं होती. ब्रिटनमध्ये त्यांचं उत्पादन केव्हाच बंद झालेलं. होती तेवढीच विमानं, एक गेलं की त्याच्या जागी दुसरं कुठून आणणार? त्यात विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक नादुरुस्त, जहाज जेमतेम १६ नॉट्सच्या आसपास पळायचं. डेकवरून विमान सोडायला आणि घ्यायला समोरून वारा लागतो, जहाज हळू म्हणजे वारा कमी, वारा कमी म्हणजे विमान डेकवर येताना जास्त जोरात येणार. अशा परिस्थितीत ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार, चितगाव, रोज फेऱ्या. खालून विमानविरोधी तोफा चालूच. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर गुप्ता, सगळे गिगी म्हणायचे, त्यांच्या विमानाला दोनदा मार बसला आणि दोन्ही वेळा त्यांनी ते विक्रांतवर आणून उतरवलं. महावीर चक्र मिळालं त्यांना. अख्ख्या युद्धात एकही सी हॉक गमावलं नाही. हे नशिबाने झालं असं कोणी म्हणू नये.

आता परत आलेलं विमान आमच्या हातात आल्यावर काय होतं ते बघा. भोक पडलेलं असतं त्याची कड फाटलेली, आत-बाहेर वळलेली असते. ती कापून गुळगुळीत गोल करायची. कडेतून चीर गेलेली असेल तर चिरेच्या अगदी टोकाला बारीक छिद्र पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मापाने कापून रिव्हेट मारून बसवायचा. पण त्याच्याआधी आत हात घालून, टॉर्च लावून बघायचं की गोळी कुठे कुठे गेली, वायर तुटली का, हायड्रॉलिकचा पाइप चेपला का, कंट्रोलची केबल घासली का. बाहेरून रुपयाएवढं भोक असतं आणि आत सगळा सत्यानाश. हे रात्रभर करायचं, हलणाऱ्या जहाजावर, कारण सकाळी तेच विमान परत जायचंय. ते विमान समुद्रात टाकून पायलट हेलिकॉप्टरने वर आला असता तर सकाळी तो कशात बसला असता?

दाबोळीकर

काका, नमस्कार. एवढं बारीक सांगितलंत त्याबद्दल आभार. पण एक विचारतो. विक्रांतला उतरायची पट्टी एकच. मार बसलेलं विमान येऊन डेकवरच आडवं झालं, डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवणारा हुक तुटलेला निघाला, आग लागली, तर मागून येणारे, ज्यांचं तेल संपत आलंय, ते कुठे उतरणार? एक विमान वाचवायच्या नादात चार जातील. मग तिथेही कधीतरी सोडणं हेच बरोबर असेल ना?

बायणेचे_काका

बरोबर. पण तो निर्णय पायलट एकटा घेत नाही. डेकवरचे आणि ब्रिजवरचे बघतात, ज्यांचं तेल कमी त्यांना आधी घेतात, खराब झालेल्याला शेवटी ठेवतात, हुक नसेल तर नायलॉनचं जाळं उभारतात, आणि अगदीच नाही जमणार असं दिसलं तर त्याला जहाजाच्या बाजूला नेऊन इजेक्ट करायला सांगतात, हेलिकॉप्टर त्यासाठी आधीपासून हवेत असतं. म्हणजे सोडणं हा शेवटचा उपाय. तुमच्या लिहिण्यात तो पहिला वाटतो, माझा आक्षेप तेवढाच.

साखळीची_शुभा

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे मला या चर्चेत एक गोष्ट सतत टोचते आहे. तुम्ही सगळे परत आलेल्यांचीच उदाहरणं देताय. साहजिक आहे, कारण गोष्ट सांगायला तेच उरतात. ज्या पायलटने अगदी साकाईसारखंच ठरवलं की न्यायचंच घरी, आणि वाटेत समुद्रात पडला, त्याचा ना फोटो ना मुलाखत. त्याला आपण 'बेपत्ता' म्हणतो आणि विसरतो. मग आपला समज होतो की चिकाटी धरली की विमान पोचतं.

अब्राहम वाल्ड नावाचा गणितज्ञ होता, दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटात काम करायचा. परत आलेल्या विमानांवर मार कुठे कुठे बसलाय त्यावरून विमानाचा कुठला भाग नाजूक हे कसं काढायचं, यावर त्याने सगळं गणित मांडलं. परत आलेल्या विमानांच्या इंजिनांवर भोकं कमी दिसतात याचा अर्थ इंजिनाला मार कमी बसतो असा नाही, इंजिनाला लागलेली विमानं परतच आली नाहीत असा आहे. नेटवर लाल ठिपक्यांचं जे विमानाचं चित्र फिरतं ते त्याने काढलेलं नाही, नंतर कोणीतरी समजावण्यासाठी बनवलंय, पण विचार त्याचाच. आणि आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे हाच वाल्ड आणि त्याची बायको १९५० च्या डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरात एअर इंडियाच्या विमान अपघातात गेले. आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून व्याख्यानं द्यायला आला होता. वय फक्त ४८.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमधून सव्वा लाख लोक विमानांतून मोहिमांवर गेले, त्यातले ५५,५७३ मेले. ही सगळी माणसं चिकाटीत कमी होती असं कोणी म्हणेल का?

फोंडेकर_संजू

टीचर, गणित मान्य. पण गणिताने एवढंच कळतं की सगळे पोचत नाहीत. जो पोचला त्याने वाटेत काय केलं ते गणितात येत नाही.

अमेरिकन पायलट चार्ली ब्राऊन बघा. २० डिसेंबर १९४३, जर्मनीतल्या ब्रेमेनवर. बी-१७ चं नाक फुटलेलं, एक इंजिन बंद, दुसरं धड चालत नाही, मागचा गनर मेलेला, बरेच जण जखमी. जर्मन पायलट फ्रान्झ स्टिग्लर जवळ आला, आत रक्तबंबाळ माणसं बघितली आणि गोळी न मारता समुद्रापर्यंत सोबत सोडून गेला. ब्राऊनने इंग्लंडला सीदिंगच्या तळावर उतरवलं. दोघे एकमेकांना १९९० मध्ये भेटले. आता दाबोळीकर म्हणेल की जखमी उडी मारू शकत नव्हते म्हणून पर्याय नव्हता. अरे पण पर्याय होता ना! बाकीच्या धडधाकट लोकांना, स्वतः ब्राऊनला, उडी मारता येत होती. एका जखमी माणसासाठी सगळे थांबले. हे मी चारित्र्यच म्हणणार.

दाबोळीकर

हे मला मान्य, आणि मनापासून मान्य. कारण इथे थांबण्यामागे माणूस आहे. माझा विरोध 'विमान सोडून पळाला' या भाषेला आहे, माणूस न सोडणाऱ्याला माझा सलामच आहे.

पण प्रत्येक गोष्टीत असं नसतं. अमेरिकन पायलट रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट पण याच यादीत फिरते, जून १९४३, थंडरबोल्ट फायटर, २०० च्या वर भोकं मोजून मोजणं सोडून दिलं. त्याला तर उडीच मारायची होती! कॉकपिटचं काचेचं झाकण अडकलं, दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ढकललं, उघडलं नाही. म्हणून घरी आला. आज तोच फोटो टाकून लोक लिहितात की त्याने विमान सोडलं नाही.

काणकोणकर_एक

या सगळ्यात उतरवून घेणाऱ्यांबद्दल काकांशिवाय कोणीच बोललं नाही. पायलटने आणलं म्हणता पण आणलं कुठे? इंग्रजांनी १९४३ च्या नोव्हेंबरात वुडब्रिजला समुद्राकाठी फक्त मोडक्या विमानांसाठी धावपट्टी उघडली. नेहमीच्या रनवेच्या पाचपट रुंद, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब, एक बाजू अशी राखून ठेवलेली की ज्याचा रेडिओ मेलाय त्याने कोणाला न विचारता सरळ येऊन उतरावं. ब्रेक नसले तरी चालेल, चाक नसलं तरी चालेल. धुकं असेल तर दोन्ही बाजूंच्या पाइपांतून पेट्रोल जाळून धुकं उचलायचे. युद्ध संपेपर्यंत ४ हजारांवर विमानं तिथे उतरली. मॅन्स्टन आणि कार्नाबीला पण अशीच सोय. तिथल्या फायरवाल्यांची, ॲम्ब्युलन्सवाल्यांची, जळत्या विमानातून माणूस ओढून काढणाऱ्यांची नावं कोणाला माहीत आहेत?

माझ्या घरातला माणूस एअरपोर्टच्या फायरला आहे म्हणून हे बोलतोय. गरमीच्या दिवसात तो सूट घालून उभं राहून बघा एकदा.

आणि विमान बनवणाऱ्यांचं पण तेच. वेलिंग्टन बॉम्बरचा सांगाडा बार्न्स वॉलिसने बांबूच्या टोपलीसारखा विणलेला, चार पट्ट्या तुटल्या तरी बाकीच्या धरून ठेवायच्या. अमेरिकेच्या ए-१० या लढाऊ विमानात पायलटच्या भोवती टायटॅनियमचं चिलखत, आणि हायड्रॉलिक गेलं तर साध्या तारा आणि दांड्यांवर चालवायची सोय. ७ एप्रिल २००३ ला बगदादवर ए-१० ची पायलट किम कॅम्पबेल हिचं हायड्रॉलिक सगळं गेलं, ती त्याच तारांवर कुवेतपर्यंत आली. ती थोरच, पण ज्याने ३० वर्षांपूर्वी ड्रॉइंग बोर्डवर ती तार काढली तोसुद्धा त्या कॉकपिटमध्ये होता असं मी मानतो.

म्हापशेचा_नितीन

वेलिंग्टनवरून जेम्स वॉर्ड आठवला. न्यूझीलंडचा पोरगा, को-पायलट. जुलै १९४१, परत येताना पंखाला आग लागली तर हा हवेत बाहेर निघाला, पंखाच्या कापडाला लाथेने भोकं पाडून पाय रोवले आणि कॅनव्हासने आग दाबली. सगळे उडी मारायच्या तयारीत होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

साखळीची_शुभा

आणि सप्टेंबरात हॅम्बुर्गवर मेला. दोन महिने. नितीन, हे पुढचं वाक्य कोणीच लिहीत नाही.

म्हापशेचा_नितीन

टीचर, मला माहीत होतं. पण त्या रात्री विमानातले बाकीचे घरी आले ना. ते दोन महिने त्याला मिळाले ते त्याने स्वतः मिळवलेले.

पर्वरीवाला

एकसष्टचं, गोवा मुक्तीच्या वेळचं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. १८ डिसेंबरला आपल्या कॅनबेरांनी दाबोळीचा रनवे फोडला आणि तरी रात्री पोर्तुगीजांचं सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमान त्याच फुटक्या पट्टीवरून बायका-पोरांना घेऊन कराचीला गेलं. शत्रू असला तरी पायलट म्हणून मानायला पाहिजे. तेच विमान बोगमाळोच्या नेव्हीच्या विमान म्युझियमला उभं आहे.

बायणेचे_काका

नाही रे बाबा, म्युझियममधलं ते आपलं. एअर इंडियाचं होतं, मग हवाई दलाकडे गेलं, मग नेव्हीकडे, इथे दाबोळीतूनच समुद्रावर गस्त घालायचं. पोर्तुगीजांचं गेलं ते गेलं. त्या उड्डाणाला तू मानतोस त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण इथला विषय मार बसलेलं विमान परत आणण्याचा आहे.

फोंडेकर_संजू

दाबोळीकर, इजेक्ट म्हणजे जणू लिफ्टचं बटण असं लिहू नकोस हं. इजेक्शनमध्ये मणक्याला मार बसतो, काहींना परत कधी फायटर उडवता येत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात इथल्याच समुद्रावर मिग पडलं, दोघांपैकी एक वाचला, दुसऱ्याचा मृतदेह ११ दिवसांनी मिळाला. सगळी नेव्ही शोधत होती. समुद्रावर विमान न सोडणं हाही जीव वाचवायचाच विचार असू शकतो.

दाबोळीकर

असू शकतो. मी कधी नाही म्हटलं? सोपं आहे म्हणून सोडतात असं मी कुठेच लिहिलेलं नाही, सोडणं सोपं नाही म्हणूनच तो टोमणा जास्त लागतो. मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीटनी आजवर ७ हजारांहून जास्त जीव वाचवले. त्या ७ हजारांतला प्रत्येक जण विमान सोडून आलेला आहे. त्यातल्या कितीतरी जणांनी हँडल ओढायला सेकंदभर उशीर केला असता तर ते आज नसते, आणि उशीर का होतो तर डोक्यात हेच असतं की लोक काय म्हणतील, विमान घालवलं म्हणतील. मी पोटतिडकीने लिहितोय ते यासाठी.

फोंडेकर_संजू

बरं मग देवय्यांचं काय करायचं? ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानचा सरगोधा तळ. आपलं मिस्टेअर विमान, मागे पाकिस्तानचं स्टारफायटर लागलं, मार बसला. तरी वळले आणि त्या स्टारफायटरलाच पाडलं. स्वतः परत आले नाहीत. तुझ्या हिशोबाने त्यांनी उडी मारायला हवी होती?

साखळीची_शुभा

संजू, यात हिशोब बसवूच नकोस. मिस्टेअरच्या दुप्पट वेगाने उडणारं विमान मागे होतं, पळणं शक्य नव्हतं. सरगोधा आपल्या तळापासून एवढं लांब की लढाई करून परत यायला तेल पुरणार नव्हतं. त्यांच्याबद्दल आपल्याला कळलं तेसुद्धा पाकिस्तानच्या बाजूने माहिती बाहेर आली तेव्हा. महावीर चक्र मिळालं १९८८ ला, मरणोत्तर. २३ वर्षं ते आपल्या कागदावर नुसते न परतलेले होते. मी सुरुवातीपासून ज्यांच्याबद्दल बोलतेय ते हेच.

फोंडेकर_संजू

पटलं नाही टीचर, पण भांडत नाही. माझ्यासाठी देवय्या आणि गिगी गुप्ता एकाच ओळीत. विमान परत आलं की नाही यावरून मी त्यांना वेगळं करत नाही, आणि दाबोळीकरने पण करू नये.

दाबोळीकर

करत नाही. पण त्याच ओळीत वेर्ण्याच्या त्या दोघांनाही बसव, मग माझं भांडण मिटलं.

बायणेचे_काका

बसवले. पण ७१ च्या सी हॉकबद्दल माझं मत तेच राहणार दाबोळीकर, त्या वेळी प्रत्येक विमान परत येणं गरजेचं होतं आणि ते त्यांनी आणलं. ज्यांनी सी हॉक जवळून बघितलं नाही त्यांनी म्युझियमला या, सोमवारी बंद असतं, बाकी कधीही. आधी इथे कळवलंत तर मी येतो, हुक कुठे असतो, पंख कुठून दुमडतात आणि गोळी कुठे लागली तर आम्हाला रात्रभर जागावं लागायचं ते दाखवतो. काणकोणकर, तुमच्या फायरवाल्यालाही घेऊन या.